ताईची किडनी

ढब्बूला ढब्बू म्हणायचे ते तो लहानपणी गुबगुबीत होता म्हणून. पुढे तो उंच झाला, काचकाम शिकला, शिड्या चढून चढून काटकुळा झाला, पण नाव काही सुटलं नाही. लग्नानंतर महिन्याभरात बायकोनंही तेच उचललं. फक्त त्याची थोरली बहीण, ताई, मधली काही वर्षं त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. कारण दोघांचं बोलणंच नव्हतं.

भांडण आईवरून झालं होतं. आई शेवटच्या आजारपणात ताईकडे होती. ढब्बू तेव्हा दुसऱ्या गावी एका मोठ्या इमारतीच्या खिडक्या बसवत होता. "हातातलं उरकून येतोच," असं फोनवर म्हणाला, आणि आला तेव्हा आई गेलेली होती. ताई दारातच उभी होती. म्हणाली, "आता कशाला आलास? काच पुसायला?" एवढंच. पण लागायचं ते लागलं. दोघंही एकाच मातीची, हट्टाला कमी कुणीच नाही. त्यानं पाऊल टाकायचं सोडलं, तिनं विचारायचं सोडलं.

ताई पडद्यांच्या दुकानात शिवणाची मुख्य कारागीर होती. मागच्या खोलीत लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे ठाण, भिंतीला कड्या आणि दोऱ्यांची रिळं. आई असताना गमतीनं म्हणायची, "माझी पोरं बघा. एक उजेड आत घेतो, एक बाहेर अडवते." आई गेल्यावर ही गंमत सांगायलाही कुणी उरलं नाही.

एके दिवशी त्या मागच्या खोलीच्या दारात ढब्बूची बायको येऊन उभी राहिली. ताईनं शिवणयंत्र थांबवलं.

"ताई, त्यांना माहीत नाही मी इथं आलेय ते," ती म्हणाली. "त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. वर्ष होत आलं. डायलिसिसवर आहेत."

"वर्ष?" ताई उठलीच. "आणि मला आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती शांतपणे म्हणाली.

ताईनं हातातलं कापड टेबलावर टाकलं. ती तशीच, कपड्यांना चिकटलेल्या दोऱ्यांसकट तिच्याबरोबर निघाली.

डायलिसिसच्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती. प्रत्येकाच्या हाताला नळ्या, शेजारी घरघरणारं मशीन. ढब्बू शेवटच्या खुर्चीत डोळे मिटून पडला होता. ओठ फुटलेले. दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी, म्हणून तो बर्फाचा खडा चोखत होता. ताईला पाहून त्यानं खडा एका गालात सारला आणि म्हणाला, "काच पुसायला आलीस का?"

ताई हसली आणि तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडावर ओढणी धरून रडली.

बायकोची किडनी चालणार नाही, हे आधीच ठरलं होतं. ताईच्या तपासण्या झाल्या. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळत सांगितलं, "तुमचं दोघांचं छान जुळतंय."

"इतकी वर्षं नाही जुळलं ते आता जुळतंय होय?" ताई म्हणाली. डॉक्टरीणबाईंना संदर्भ कळला नाही, पण ढब्बू खो खो हसला.

ऑपरेशन झालं. ताईची डावी किडनी ढब्बूच्या पोटात उजवीकडे खाली बसवली, आणि ती टेबलावरच कामाला लागली. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नर्सनं त्याला पाण्याचा अख्खा जग आणून दिला आणि म्हणाली, "प्या आता, जितकं जाईल तितकं." त्यानं पहिला पेला संपवला, दुसरा संपवला, आणि तिसरा हातात धरून बसून राहिला. बायकोनं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही गं. गार आहे."

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवलं. "शरीराचे स्वतःचे पहारेकरी असतात," त्या म्हणाल्या. "बाहेरचं काही आत आलं की ते तुटून पडतात. ताईंची किडनी तुमच्या भल्यासाठी आलीय, हे त्यांना समजावून सांगता येत नाही. त्यांच्या लेखी ती घुसखोरच. म्हणून या गोळ्या. यांनी ते पहारेकरी पेंगुळतात. किडनी जोवर आहे तोवर गोळ्या. एक वेळ जेवण चुकलं तर चालेल, गोळी चुकता कामा नये."

"आणि ते पेंगत असताना खरा चोर आला तर?" ढब्बूनं विचारलं.

"म्हणूनच सांभाळायचं. गर्दीत तोंड झाकायचं, शिळंपाकं खायचं नाही, साधा ताप आला तरी इकडे यायचं. आणि तुमचं काम उन्हातलं. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा. या गोळ्यांवर असणाऱ्यांची कातडी उन्हानं लवकर बिघडते."

गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं. ताई म्हणाली, "घे, आता खराखुरा ढब्बू झालास." हातांना बारीकशी थरथर लागली. काच कापताना हिऱ्याच्या कटरची रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये हात हलला की काच भलतीकडे तडकते. त्यानं कापायचं काम आपल्या काचेच्या कारखान्यातल्या जोडीदाराकडे सोपवलं आणि स्वतः मापं घेणं, चौकटी बसवणं, पुट्टी भरणं धरलं. म्हणजे उलट जास्तच उन्हात. टोपी घातली की डोक्याला घाम येतो आणि डोळ्यांत उतरतो, म्हणून टोपी खिशात राहायची. बायको ओरडायची, ताई ओरडायची. तो उजव्या कुशीवर थाप मारून म्हणायचा, "ताई आतही ओरडतेय, ऐकू येतंय मला." तो कशावर अडून बसला की बायको म्हणायची, हा हट्ट किडनीतून आलाय.

चांगली वर्षं होती ती. ताई सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडेच जेवायची. भाऊ-बहीण आईच्या आठवणी काढायची, वाद घालायची आणि वाद अर्धवट टाकून पत्ते खेळायची. जेवढं बोलायचं राहून गेलं होतं तेवढं त्या वर्षांत बोलून झालं.

मग त्याच्या कानाच्या पाळीवर एक खडबडीत खपली धरली. काच लागली असेल, असं तो म्हणत राहिला. खपली पडायची आणि पुन्हा धरायची. अखेर बायकोनं ओढत नेलं, तेव्हा डॉक्टरांनी ती कापून काढली. कातडीचा कॅन्सर. "वेळेत आलात," ते म्हणाले. पण पुढच्या वर्षी मानेत गाठी आल्या. त्या काढल्या, रेडिएशन दिलं, किडनीच्या गोळ्या जेवढ्या कमी करता येतील तेवढ्या केल्या. तरी गाठी परत आल्या, आणि या वेळी स्कॅनमध्ये फुप्फुसांतही ठिपके दिसले.

कॅन्सरचे डॉक्टर आणि किडनीच्या डॉक्टरीणबाई, दोघंही एकाच खोलीत बसले होते. हे पाहूनच ताईला कळलं की गोष्ट साधी नाही.

कॅन्सरचे डॉक्टर पिकल्या केसांचे होते, सावकाश बोलायचे. "एक औषध आहे. सलाईनमधून देतात," ते म्हणाले. "ते कॅन्सरला स्वतः मारत नाही. तुमच्या पहारेकऱ्यांना जागं करतं. कॅन्सरच्या पेशींनी त्यांना चकवलेलं असतं. या औषधानं ती चकवाचकवी बंद होते. अशा कॅन्सरवर ते चांगलं चालतं."

"मग द्या की," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पहारेकरी जागे झाले की ते फक्त कॅन्सरच बघणार नाहीत. किडनीही त्यांना दिसेल. आम्ही थोडं औषध चालू ठेवून किडनी वाचवायचा प्रयत्न करू. पण अशा रुग्णांत जवळजवळ निम्म्यांची किडनी जाते."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर कॅन्सर थांबणार नाही," पिकल्या केसांचे डॉक्टर म्हणाले. "काही महिने."

ढब्बू एवढा वेळ खिडकीच्या चौकटीकडे बघत होता. "पुट्टी सुटलीय हिची," तो म्हणाला. मग उठत म्हणाला, "विचार करून सांगतो."

ताई धरून चालली होती की सलाईन सुरू होणार. आठवड्यानं बायकोचा फोन आला. "ताई, त्यांनी नाही म्हणून कळवलंय. मला विचारलं पण नाही. तुम्हीच बोला, माझं ऐकत नाहीत."

ताई तडक कारखान्यात गेली. जोडीदार कुठेतरी काच पोचवायला गेला होता. ढब्बू एकटाच बसला होता, समोर लोकरी कापड ताणून बसवलेलं कापायचं टेबल. भिंतीशी लाकडी घोड्यांवर तिरक्या उभ्या केलेल्या काचा, एकामागे एक, कडांवरून हिरव्या दिसणाऱ्या. मानेवरची गाठ आता सदऱ्याच्या कॉलरमध्ये मावत नव्हती.

"नाही का म्हणालास?" तिनं विचारलं.

"तुझी किडनी मी मारायची का? एवढं करून दिलीस."

"दिली म्हणजे दिली. दिलेल्या वस्तूचं मी काय करणार आहे? आणि तू जपतोयस ती कुणासाठी? तू गेलास तर ती काय मागं राहणार आहे? तुझ्याबरोबर मातीतच जाणार ना?"

"तुला नाही कळायचं."

"मग कळेल असं सांग."

तो टेबलावरचा काचेचा चुरा ब्रशनं एका बाजूला लोटत राहिला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? तुझ्या किडनीचं निमित्त मी लोकांना सांगायला धरलंय. मला ते मशीन परत नको. ती खुर्ची नको. पाण्याच्या पेल्याकडं चोरासारखं बघत बसायचं, जीभ टाळूला चिकटते, रात्रभर स्वप्नात नळ वाहतात. मरायची भीती नाही गं मला एवढी. तहानेची आहे."

ताई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. घरून निघताना तिनं खूप काही ठरवलं होतं बोलायचं. त्यातलं आता काही उपयोगाचं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "निम्म्यांची जाते म्हणाल्या त्या. निम्म्यांची राहतेही."

"आणि गेली तर?"

"गेली तर मी रोज तुझ्या शेजारी त्या खुर्चीजवळ बसेन. बर्फ फोडून देईन. पण तू असा बसल्या बसल्या चाललास, तर मी काय करू? आईच्या वेळी तू नव्हतास. तुझ्या वेळी मी असून काय उपयोग?" तिनं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "माझ्यासाठी घे, ढब्बू. तुला नको असेल तर माझ्यासाठी घे."

हे बोलायला नको होतं, असं तिला पुढे पुष्कळदा वाटलं. पण तेव्हा ती ते बोलली, आणि त्यानं ऐकलं.

पहिली सलाईन लागली तेव्हा काहीच झालं नाही. दुसरीनंतर बायकोनं सकाळी त्याच्या मानेला तेल लावताना हात थांबवला. पुन्हा चाचपून पाहिलं. गाठ मऊ लागत होती. आठवडाभरात कॉलरचं बटण लागलं. बायकोनं ताईला फोन केला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. ताईला आधी वाटलं, काही वाईटच झालं. मग दोघी फोनवर हसल्या, रडल्या. त्या संध्याकाळी ढब्बूनं आरशासमोर उभं राहून मान दोन्हीकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "उठले बुवा आमचे पहारेकरी. किती वर्षं घोरत होते."

किडनीचं दुखणं तिसऱ्या सलाईननंतर सुरू झालं. आधी पावलं सुजली. मग उजव्या कुशीत ठसठसू लागलं, ताप भरला, लघवी लालसर आणि थोडी थोडी होऊ लागली. दवाखान्यात सलाईन बंद केली, पहारेकऱ्यांना पुन्हा झोपवायची भारी औषधं शिरेतून दिली. डॉक्टरीणबाई दिवसातून दोनदा येऊन रिपोर्ट बघत होत्या. ताई तिथंच बाकावर झोपायची. तिला उगीच वाटायचं, आपण जवळ असलो तर किडनी ओळखेल, धीर धरेल. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

एका सकाळी डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बाकावर येऊन बसल्या, उभ्या राहून बोलल्या नाहीत. "नाही वाचली," त्या म्हणाल्या. "आणि आत ठेवून आता त्यांना त्रासच होईल. काढावी लागेल."

म्हणजे तीच किडनी दुसऱ्यांदा कापून काढली गेली, आधी हिच्यातून, मग त्याच्यातून. ताईनं ऑपरेशनच्या दिवशी स्वतःच्या कुशीवरच्या जुन्या व्रणावर हात ठेवला. तिथं काही दुखत नव्हतं. दुखायला हवं होतं, असं तिला वाटलं.

ढब्बू परत खुर्चीवर आला. तोच हॉल, तशीच रांग. ताईनं दुकानात सांगून कामाची वेळ बदलून घेतली आणि दर खेपेला त्याच्या शेजारी बसली, बोलल्याप्रमाणे. ती फडक्यात बर्फ बांधून मुठीनं ठोकायची आणि एकेक बारीक खडा त्याच्या हातावर ठेवायची. किडनीच राहिली नाही, तेव्हा पहारेकऱ्यांना पेंगुळवायचंही कारण उरलं नव्हतं; गोळ्या बंद झाल्या. सलाईन पुन्हा सुरू केली, आणि आता तिला कशाचीच आडकाठी नव्हती. फुप्फुसांतले ठिपके विरत गेले. हातांची थरथर गेली. एके दिवशी त्यानं कारखान्यात जाऊन एक काच कापली, सरळ, एका दमात. दुसरी कापायची ताकद नव्हती.

पिकल्या केसांच्या डॉक्टरांनी स्कॅन दिव्यासमोर धरून म्हटलं, "स्वच्छ आहे. फार थोड्यांचं असं होतं." ते खरोखर खूश होते. ढब्बूनं त्यांचे आभार मानले आणि विचारलं, "डॉक्टर, आज अर्धा पेला जास्त चालेल का?"

ताईनं एकदा न राहवून विचारलंच. मशीन घरघरत होतं, तो डोळे मिटून पडला होता, पण झोपला नव्हता.

"ढब्बू, चुकलं का रे माझं?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "कधी वाटतं, बरं केलंस. परवा बायकोनं काहीतरी वाचून दाखवलं आणि आम्ही हसत बसलो, तेव्हा वाटलं. कधी वाटतं, कशाला ऐकलं हिचं. रोज सारखं नसतं ते." मग म्हणाला, "तुला एकच उत्तर हवं असेल, तर माझ्याकडे नाही गं."

ती त्याच्या उत्तरावर रागावली नाही. उलट त्यानं तिच्या समाधानासाठी काही गोड सांगितलं नाही, याचंच तिला बरं वाटलं. लहानपणीही तो खोटं बोलायचा तेव्हा लगेच पकडला जायचा.

त्यानंतर हिवाळा आला. डायलिसिसहून घरी परतल्यावर एका दुपारी तो दमून खुर्चीत बसला. बायको आतून शाल घेऊन आली तोवर त्याचं हृदय थांबलं होतं. कॅन्सर कुठंही नव्हता. इतकी वर्षं मशीन, गोळ्या, सलाईन सोसून ते हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सगळं उरकून पाहुणे पांगल्यावर त्या घरात दोघीच उरल्या. बायको त्याचे सदरे घडी करत होती. ताई म्हणाली, "मी भरीला घातलं नसतं तर तो इतका सोसत बसला नसता."

बायकोनं हातातली घडी खाली ठेवली. "ताई, एक बोलू? त्यांना ते दिवस हवे होते की नाही, मला माहीत नाही. मला हवे होते. तुम्ही त्यांना तुमच्यासाठी ते औषध घ्यायला लावलंत, असं तुम्हाला वाटतं. मी तुम्हाला फोन कशासाठी केला होता? तुमचं ते ऐकतील, हे मला माहीत होतं. तेव्हा दोष द्यायचा तर दोघींना वाटून घेऊ. सगळा तुम्ही एकटीनं नका उचलू." आणि मग ती पहिल्यांदाच मोठ्यानं रडली, आणि ताईनं तिला जवळ घेतलं.

ज्यांनी किडनी दिलेली असते त्यांना वर्षातून एकदा तपासणीला बोलावतात. वसंतात ताईची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले. "उत्तम," त्या म्हणाल्या. "उरलेली एकटी दोघींचं काम करतेय."

ताईला त्या 'उत्तम'ची लाज वाटली, कुणा उपाशी माणसासमोर भरल्या ताटावर बसल्यासारखी.

डॉक्टरीणबाईंनी फाईल मिटली, पण पुढच्या माणसाला बोलावलं नाही. "मी अजून कधी कधी त्यांचा विचार करते," त्या म्हणाल्या. "आम्ही औषध थोडं वेगळं बेतलं असतं, तर दोन्ही सांभाळता आलं असतं का? आता काही ठिकाणी तसे प्रयोग चाललेत. मला अजून माहीत नाही."

"तुम्हालाही नाही?" ताई म्हणाली.

"मलाही नाही."

ताईनं मान हलवली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरून ती रस्त्यावर आली, एका बंद दुकानाच्या कडेला उभी राहिली आणि तिनं ढब्बूच्या बायकोला फोन लावला.

"झाली तपासणी?" पलीकडून आवाज आला. "काय म्हणाल्या?"

"चांगली आहे म्हणाल्या."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "असू दे चांगली. तुम्ही निघा तिथून. मी कुकर लावते, दोघींपुरता."

"येते," ताई म्हणाली, आणि चालू लागली.